पहिल्या काही सेकंदांचा इतिहास

सीईटी किंवा जेईईच्या कुठल्याही सराव-संचात हा प्रश्न हमखास सापडतो. एक छोटा तक्ता असतो, तीन-चार ओळींचा. पहिल्या रकान्यात 'अ'ची संहती, दुसऱ्यात 'ब'ची, तिसऱ्यात अभिक्रियेचा सुरुवातीचा वेग. 'अ' दुप्पट केला तर वेग दुप्पट झाला, म्हणजे 'अ'ची ऑर्डर एक. 'ब' दुप्पट केला तर वेग चौपट झाला, म्हणजे 'ब'ची ऑर्डर दोन. बेरीज तीन. पर्यायावर टिचकी मारायची आणि पुढे जायचं. सरावलेल्या पोराला पाऊण मिनिट पुरतं.

क्लासमध्ये याला 'स्कोअरिंग' प्रश्न म्हणतात, आणि तो आहेच. पण या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली असते आणि तिच्याबद्दल सहसा कुणी काही विचारत नाही. शेजारी संतुलित समीकरण छापलेलं असताना हा तक्ता हवाच कशाला? समीकरणात 'ब'च्या आधी दोन लिहिलंय ना, मग ऑर्डर दोन. झालं की!

तसं होत नाही. ते का होत नाही हे कळायला माणसांना साठेक वर्षं लागली. त्या साठ वर्षांत एक माणूस दुर्लक्षित मेला, एका प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत थेंबाथेंबानं वेळ मोजली गेली, आणि एक डॉक्टर बाई त्यासाठी समुद्र ओलांडून गेली. मला या इतिहासाचं आकर्षण वाटतं ते त्यातल्या एका साध्या शिस्तीमुळे: जे कागदावरून ठरवता येत नाही, ते त्या वस्तूलाच विचारायचं.

तिकीट आणि प्रवास

एसटीचं तिकीट डोळ्यांसमोर आणा. त्यावर छापलंय: स्वारगेट ते कोल्हापूर. पैसे किती, माणसं किती, सगळं बरोबर आहे. पण गाडी साताऱ्याला किती वेळ थांबली, घाटात ट्रकमागे किती रखडली, हे तिकिटावरून कळत नाही. आणि प्रवासाला किती वेळ लागणार हे नेमकं त्या रखडण्यावरच ठरतं.

रासायनिक समीकरण हे असं तिकीट आहे. काय गेलं आणि काय आलं याचा हिशेब त्यात चोख असतो. वाटेत किती टप्पे झाले आणि त्यांतला कुठला टप्पा सगळ्यांना अडवून बसला होता, याचा उल्लेख नसतो. अभिक्रियेचा वेग त्या अडवणाऱ्या टप्प्यावर ठरतो. एखादा पदार्थ त्या टप्प्यानंतर कामाला येत असेल, तर तो कितीही ओता, वेगाला फरक पडत नाही. त्याची ऑर्डर शून्य, मग समीकरणात त्याच्यापुढे कितीही मोठा आकडा असो.

ऑर्डरला मराठी परिभाषेत 'कोटी' म्हणतात. मी इथे 'ऑर्डर'च म्हणणार आहे, कारण वर्गात आपण तेच म्हणतो. तिचा अर्थ एवढाच: एखाद्या पदार्थाची संहती, म्हणजे एका लिटरमध्ये तो किती आहे, ती अमुक पट केली तर वेग किती पट होतो?

औषधांचं दुकान विकलेला माणूस

वेगाला गणितात पकडण्याची गोष्ट साखरेपासून सुरू होते. गुलाबजामचा पाक करताना आपल्याकडे त्यात लिंबाचे चार थेंब पिळतात. पाक साखरू नये म्हणून. लिंबातलं आम्ल साखरेच्या रेणूचे हळूहळू दोन तुकडे करतं, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. या मिश्रणाचे सहजासहजी खडे होत नाहीत, म्हणून पाक मऊ राहतो. आम्ल स्वतः खर्च होत नाही.

लुडविग विल्हेल्मी नावाच्या जर्मन माणसाने नेमकी हीच अभिक्रिया निवडली, फक्त लिंबाऐवजी तीव्र आम्लं घेऊन. तो मूळचा पोमेरेनियातला, पेशाने औषधविक्रेता. भौतिकशास्त्र शिकायचं म्हणून त्याने आपलं दुकान विकलं, हायडेलबर्गला डॉक्टरेट केली आणि तिथेच शिकवू लागला. १८५० साली त्याचा या विषयावरचा निबंध प्रसिद्ध झाला.

त्याच्या निवडीमागे एक सोय होती. साखरेच्या द्रावणातून ध्रुवित प्रकाश सोडला, म्हणजे पोलराइज्ड गॉगलमधून येतो तसा एकाच प्रतलात कंप पावणारा प्रकाश, तर ते प्रतल उजवीकडे वळतं. साखर तुटली की तयार होणारं मिश्रण मात्र ते डावीकडे वळवतं. म्हणजे द्रावणाला हात न लावता, नमुना बाहेर न काढता, नुसतं पोलरिमीटरमधून बघून सांगता येतं की आत्ता या क्षणी किती साखर शिल्लक आहे. अभिक्रिया तिच्या गतीनं चालू राहते आणि आपण बाजूला बसून मोजत राहतो. त्या काळात हे फार कमी अभिक्रियांच्या बाबतीत शक्य होतं.

विल्हेल्मीला दिसलं ते असं. कुठल्याही क्षणी साखर तुटण्याचा वेग त्या क्षणी उरलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो. अर्धी उरली की वेग अर्धा, पाव उरली की पाव. हे त्याने अवकल समीकरणात लिहिलं. रासायनिक बदलाच्या वेगासाठी असं समीकरण मांडून ते प्रयोगाशी पडताळण्याचं हे पहिलं काम मानलं जातं. आज आपण त्याला 'फर्स्ट ऑर्डर' म्हणू. त्याच्याकडे हा शब्दही नव्हता.

आणि मग काहीच झालं नाही. निबंध नावाजलेल्या नियतकालिकात आला होता, तरी रसायनशास्त्रज्ञांनी तो वाचून पुढे काही केलं असं दिसत नाही. त्या पिढीचं लक्ष नवे पदार्थ बनवण्याकडे होतं. पदार्थ किती वेगाने बनतो हा प्रश्न त्यांना प्रश्नच वाटत नव्हता. विल्हेल्मी १८६४ साली वारला. विल्हेल्म ओस्टवाल्डने त्याच्या कामाकडे जगाचं लक्ष वेधलं ते १८८४ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी.

गुलाबी थेंब, निळं घड्याळ

विल्हेल्मी वारला त्याच वर्षी नॉर्वेत काटो गुल्डबर्ग आणि पीटर वॉगे या मेहुण्या-मेहुण्यांनी आपला वस्तुमान-क्रियेचा नियम मांडला. त्यांच्या पहिल्या मांडणीत एक शहाणपण होतं: संहतीवरचे घातांक प्रयोगानेच काढायचे असं त्यांनी म्हटलं होतं. पुढच्या मांडणीत ते घातांक सरळ समीकरणातल्या आकड्यांवरून घेतले गेले. समतोलासाठी ते बरोबरच आहे. पण वेगासाठीही तसंच करायचं, हा समज तिथून जो पसरला तो आजही परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत भेटतो.

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला ऑगस्टस व्हर्नन हारकोर्ट आणि गणितज्ञ विल्यम एसन ही जोडी कामाला लागली होती. एकाने प्रयोग करायचे, दुसऱ्याने गणित करायचं. १८६६ साली त्यांनी प्रसिद्ध केलेली पहिली अभिक्रिया आपल्यापैकी विज्ञान शाखेच्या प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिलेली आहे: ऑक्झॅलिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेट. बारावीचं टायट्रेशन आठवा. ब्युरेटमधून पहिला गुलाबी थेंब पडतो आणि रंग जायचं नावच घेत नाही. फ्लास्क हलवत बसावं लागतं. मग एकदाचा तो जातो, आणि पुढचे थेंब पडल्या-पडल्या नाहीसे होऊ लागतात.

याचं कारण असं की या अभिक्रियेत तयार होणारं मँगनीजच अभिक्रियेला रेटा देतं. म्हणजे जशी ती पुढे जाते तशी ती बदलत जाते. सुरुवातीला ज्या मिश्रणाचा वेग मोजत होतो, ते मिश्रण पाच मिनिटांनी वेगळंच झालेलं असतं. हारकोर्ट आणि एसन यांना ही गुंतागुंत उलगडायला बरंच गणित खर्चावं लागलं.

पुढच्या वर्षी, १८६७ साली, त्यांनी दुसरी अभिक्रिया प्रसिद्ध केली आणि ती मला या सगळ्या इतिहासातली सगळ्यात देखणी युक्ती वाटते. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि आयोडाइड, आम्लात. यातून आयोडीन तयार होतं आणि स्टार्च घातलेला असेल तर द्रावण गर्द निळं होतं. पण त्यांनी मिश्रणात मोजून थोडं थायोसल्फेटही घातलं. थायोसल्फेट आयोडीनला जन्मतःच गिळतं आणि त्याचं परत आयोडाइड करतं. त्यामुळे थायोसल्फेट शिल्लक आहे तोवर द्रावण पाण्यासारखं स्वच्छ दिसतं. ते संपलं की एका क्षणात निळं. ती वेळ टिपायची, लगेच थायोसल्फेटचा पुढचा मोजलेला थेंब टाकायचा, निळा रंग जातो, पुन्हा वाट बघायची.

यात काय काय साधलं बघा. आयोडाइड जितकं खर्च होतं तितकं परत मिळतं, म्हणून ते बदलत नाही. आम्ल भरपूर घातलेलं आहे, त्यामुळे त्याच्यातली घट नगण्य. बदलणारी गोष्ट एकच उरते, पेरॉक्साइड. एका वेळी एकच गोष्ट हलू द्यायची आणि बाकीच्या धरून ठेवायच्या, हे त्यांनी द्रावणाच्या आतच घडवून आणलं. आणि दोन निळ्या क्षणांमधला काळ हे घड्याळ झालं. त्यांना दिसलं की वेग उरलेल्या पेरॉक्साइडच्या प्रमाणात आहे.

आता तोच तक्ता

याच अभिक्रियेवर आपला सीईटीचा तक्ता उभा करून बघू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, पण वागणूक खरी आहे. आम्ल अगदी थोडं ठेवलंय.

पहिला ग्लास: ठरलेलं पेरॉक्साइड, आयोडाइड, आम्ल आणि चिमूटभर थायोसल्फेट. ८० सेकंदांनी निळा.

दुसरा ग्लास: फक्त पेरॉक्साइड दुप्पट. ४० सेकंदांनी निळा.

तिसरा ग्लास: पहिल्यासारखाच, फक्त आयोडाइड दुप्पट. ४० सेकंद.

चौथा ग्लास: पहिल्यासारखाच, फक्त आम्ल दुप्पट. जवळजवळ ८० सेकंदच.

प्रत्येक ग्लासात थायोसल्फेट तितकंच आहे, म्हणजे प्रत्येक वेळी आयोडीन तितकंच तयार व्हायचंय. वेळ निम्मी लागली म्हणजे वेग दुप्पट. तेव्हा पेरॉक्साइडची ऑर्डर एक, आयोडाइडची एक, आम्लाची शून्य.

आता संतुलित समीकरण बघा. त्यात एका पेरॉक्साइडला दोन आयोडाइड आणि दोन हायड्रोजन आयन लागतात. समीकरणावर विश्वास ठेवला असता तर उत्तर एक, दोन, दोन आलं असतं. ग्लास सांगतो एक, एक, शून्य. याचा अर्थ, वेग ठरवणाऱ्या टप्प्यावर एक पेरॉक्साइड आणि एक आयोडाइड भेटतात. दुसरं आयोडाइड आणि आम्ल नंतर येतात, रांग सुटल्यावर.

आम्ल खूप वाढवलं तर मात्र एक दुसरी वाट उघडते आणि तिच्यात आम्लाचाही हात असतो. मग आम्लाची ऑर्डर शून्य राहत नाही. त्यामुळे 'या अभिक्रियेची ऑर्डर इतकी' असं म्हणताना 'या परिस्थितीत' हे शब्द मनात जोडून घ्यावे लागतात.

सुरुवातच का?

तक्त्यात 'सुरुवातीचा वेग' असं लिहिलेलं असतं आणि आपण त्यावरून नजर फिरवून पुढे जातो. पण सगळं इंगित त्या शब्दात आहे. पहिल्या काही क्षणांत ग्लासात काय आहे हे आपल्याला नक्की माहीत असतं, कारण ते आपणच मोजून घातलेलं असतं. त्यानंतर ग्लासात नवे पदार्थ येतात. ते अभिक्रियेला रेटतात, जसं परमँगनेटच्या बाबतीत. किंवा अडवतात. किंवा उलट फिरून मूळ पदार्थ बनवायला लागतात. जितका उशीर, तितके जास्त जण बोलणार, आणि कुणाचा आवाज कुणाचा हे कळेनासं होणार.

याचं उत्तम उदाहरण फ्रान्सच्या लेतोर यांनी १९३०च्या दशकात दाखवलं. ॲसेटाल्डिहाइडची वाफ तापवली की ती तुटते. वेगवेगळ्या संहती घेऊन प्रत्येकीचा फक्त सुरुवातीचा वेग मोजला तर ऑर्डर येते दीड. पण एकच प्रयोग घेऊन तो शेवटापर्यंत बघत बसलं तर ऑर्डर दोन भासते. अभिक्रिया एकच, उत्तरं दोन. पुढे पुढे ती अपेक्षेपेक्षा जास्त मंदावत जाते, कारण तयार झालेले पदार्थ तिला अडवतात. पहिल्या क्षणांत ते हजरच नसतात.

म्हणून दर वेळी नवा ग्लास घ्यायचा, नव्याने सुरुवात करायची, आणि पहिल्या थोड्या टक्क्यांचीच नोंद करायची. काम कंटाळवाणं आहे. पण सरमिसळ टळते.

चारचा एक, एकाचा अर्धा

१८८४ साली याकोबस व्हान्ट हॉफ यांचं रासायनिक गतिकीवरचं फ्रेंच पुस्तक ॲम्स्टरडॅममधून निघालं. व्हान्ट हॉफ म्हणजे पुढे १९०१ साली रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल मिळालेले डच शास्त्रज्ञ. या पुस्तकात त्यांनी ऑर्डर काढायची सरळ रीत दिली: दोन वेगवेगळ्या संहतींना वेग मोजा, वेगांच्या गुणोत्तराचा लॉगरिदम घ्या आणि त्याला संहतींच्या गुणोत्तराच्या लॉगरिदमने भागा. आपण तक्त्यात 'दुप्पट केलं तर चौपट झालं' म्हणतो ते याचंच तोंडी रूप आहे. फायदा असा की वेग नेमका दुप्पट किंवा चौपट व्हायची वाट बघावी लागत नाही. २.७ पट झाला तरी गणित होतं. खऱ्या प्रयोगशाळेत आकडे तसेच येतात.

त्यांच्या उदाहरणांत आर्साइन हा विषारी वायू आहे. तो तापवला की आर्सेनिक आणि हायड्रोजन वेगळे होतात. आर्सेनिकच्या वाफेत चार-चार अणूंचे रेणू असतात, म्हणून समीकरण नीट लिहायचं तर आर्साइनचे चार रेणू घ्यावे लागतात. चार रेणू एकाच क्षणी एकाच जागी भेटत असतील तर वेग चौथ्या घातात बदलायला हवा. मोजलं तर ऑर्डर निघाली एक. चार रेणूंची ती सभा कधी भरतच नव्हती.

यानंतरचा धक्का मोठा होता. माक्स बोडेनस्टाइन या जर्मन शास्त्रज्ञाने १८९०च्या दशकात हायड्रोजन आणि आयोडीनची अभिक्रिया मोजली होती. ती अगदी सरळ निघाली: दोघांचीही ऑर्डर एक. मग त्याने सॅम्युअल लिंड या अमेरिकन सहकाऱ्यासोबत आयोडीनच्या जागी ब्रोमीन घेतलं. आवर्तसारणीत शेजारी, समीकरण तंतोतंत तसंच. साधारण २२५ ते ३०० अंश सेल्सिअसला मोजमापं घेतली आणि १९०६च्या सुमारास निकाल प्रसिद्ध झाला.

हायड्रोजन दुप्पट केला की वेग दुप्पट. ठीक. पण ब्रोमीन दुप्पट केलं की सुरुवातीचा वेग दुप्पटही नाही आणि तितकाच राहिला असंही नाही. तो वाढतो साधारण १.४१ पट, म्हणजे दोनच्या वर्गमुळाइतका. ऑर्डर अर्धी! शिवाय तयार होणारं हायड्रोजन ब्रोमाइड जसजसं साठतं तसतशी अभिक्रिया मंदावते.

अर्धा रेणू कसा भेटणार? हे कोडं तेरा-चौदा वर्षं तसंच राहिलं. १९१९-२० मध्ये ख्रिश्चनसेन, हर्त्सफेल्ड आणि पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे एकच उत्तर दिलं. ब्रोमीनचा रेणू फुटून दोन अणू होतात, आणि अशा फुटलेल्या अणूंची संख्या रेणूंच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. खरं काम करतो तो एकटा अणू. तो हायड्रोजनच्या रेणूतला एक अणू पळवतो, उरलेला हायड्रोजन अणू दुसऱ्या ब्रोमीन रेणूवर तुटून पडतो, त्यातून पुन्हा एक ब्रोमीन अणू सुटतो, आणि साखळी चालू राहते. हायड्रोजन ब्रोमाइड जास्त झालं की हायड्रोजनचे अणू त्याच्यावरच आदळतात आणि केलेलं काम उलटवतात, म्हणून वेग पडतो.

ही साखळी कुणी डोळ्यांनी पाहिली नव्हती. तिचा माग लागला तो एका अर्ध्या आकड्यावरून. बोडेनस्टाइनने 'मोजण्यात काहीतरी चूक असेल' म्हणून तो आकडा एकवर ओढून नेला नाही, हे मला इथे महत्त्वाचं वाटतं.

पुन्हा साखर

१९१२ साली मॉड मेंटन नावाची कॅनेडियन डॉक्टर अटलांटिक ओलांडून बर्लिनला आली. टोरंटो विद्यापीठातून तिने वैद्यकीय डॉक्टरेट मिळवली होती, आणि ती मिळवणाऱ्या कॅनडातल्या पहिल्या काही स्त्रियांपैकी ती होती. बर्लिनच्या एका सार्वजनिक रुग्णालयात लिओनोर मिखाएलिस यांची छोटी प्रयोगशाळा होती. तिथे दोघांनी जी अभिक्रिया घेतली ती विल्हेल्मीचीच: साखर तुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. उपकरणही तेच, पोलरिमीटर. फरक एवढाच की साखर तोडायला आम्लाऐवजी यीस्टमधलं इन्व्हर्टेज हे एन्झाइम होतं.

यावर आधी काम झालेलं होतं. पॅरिसमध्ये व्हिक्टर आंरी यांनी १९०३ साली जवळजवळ तसंच समीकरण मांडलं होतं. पण मोजमापांत तीन भानगडी होत्या. द्रावणाचा पीएच धरून ठेवलेला नव्हता. ताजं सुटलेलं ग्लुकोज काही काळ आपलं रूप बदलत राहतं, त्यामुळे पोलरिमीटर चुकीचं वाचन देतो. आणि तयार झालेली ग्लुकोज-फ्रुक्टोज एन्झाइमला अडकवून ठेवतात.

मिखाएलिस आणि मेंटन यांनी तिन्हींचा बंदोबस्त केला. पीएच स्थिर ठेवला. नमुना काढला की त्यात अल्कली घालून एन्झाइम थांबवलं आणि ग्लुकोज स्थिरावल्यावरच वाचन घेतलं. तिसऱ्या भानगडीवर त्यांचा उपाय होता सुरुवातीचा वेग. उत्पाद साठायच्या आतच मोजायचं.

१९१३च्या त्यांच्या निबंधातून जे चित्र निघालं त्यात ऑर्डर स्वतःच सरकते. साखर कमी असते तेव्हा वेग तिच्या प्रमाणात वाढतो, ऑर्डर एक. साखर खूप झाली की एन्झाइमचा प्रत्येक रेणू आधीच कामात गुंतलेला असतो. मग आणखी साखर ओतून वेग वाढत नाही, ऑर्डर शून्य. टोलनाक्यावर चार खिडक्या असतील तर दहा गाड्या आल्या काय आणि हजार आल्या काय, मिनिटाला सुटणार तितक्याच.

मेंटन पुढे पिट्सबर्ग विद्यापीठात शिकवत राहिल्या. पूर्ण प्राध्यापकपद त्यांना मिळालं ते वय सत्तरीला टेकल्यावर. त्यांचं नाव मात्र आज जगातल्या प्रत्येक जीवरसायनशास्त्राच्या पुस्तकात आहे.

हा टोलनाका आपल्या शरीरात आहे. बहुतेक औषधं नेहमीच्या डोसला फर्स्ट ऑर्डरने उतरतात. ठरावीक तासांनी निम्मी, पुन्हा तितक्याच तासांनी त्याच्या निम्मी. दारूचं तसं नाही. यकृतातलं एन्झाइम थोड्याशा दारूनेही भरून जातं आणि मग रक्तातली पातळी दर तासाला साधारण ठरावीक आकड्यानेच उतरते. माणसागणिक फरक असतो, पण ढोबळमानाने तासाला १०० मिलिलिटर रक्तामागे १५ मिलिग्रॅम धरतात. भारतात गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. कुणाची पातळी ९० असेल तर ती ३०वर यायला चार तास लागतील. कॉफी प्या, थंड पाण्याने आंघोळ करा, खिडक्या तितक्याच राहतात.

फिट येऊ नये म्हणून देतात ते फेनिटॉइन हे औषध तर याच काठावर चालतं. नेहमीच्या डोसलाच एन्झाइम भरत आलेलं असतं. त्यामुळे डोस थोडासा वाढवला तरी रक्तातली पातळी एकदम उसळू शकते, आणि डॉक्टर रक्त तपासून जपून वाढवतात. 'दीडपट गोळ्या, दीडपट परिणाम' हा हिशेब इथे माणसाला इजा करू शकतो.

आकडा राहिला, गोष्ट बदलली

शेवटी बोडेनस्टाइनच्या त्या सरळ अभिक्रियेकडे यायला हवं, हायड्रोजन आणि आयोडीनच्या. दोघांची ऑर्डर एक, समीकरणातही एक-एक. त्यामुळे दोन रेणू थेट एकमेकांवर आदळतात आणि काम होतं, असं सत्तरेक वर्षं पुस्तकांत छापलं गेलं. कागद आणि प्रयोग यांचं जमलेलं दुर्मीळ उदाहरण म्हणून ते मुद्दाम दिलं जायचं.

१९६७ साली अमेरिकेत लॉस ॲलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉन सलिव्हन यांनी प्रकाश टाकून आयोडीनचे रेणू फोडले आणि कमी तापमानाला वेग मोजला. वेग आयोडीनच्या अणूंच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात निघाला. म्हणजे इथेही काम रेणू करत नव्हता, सुटे अणू करत होते, दोन-दोन मिळून. आणि दोन अणूंचा वर्ग हिशेबात परत एका रेणूइतकाच येतो, म्हणून बाहेरून ऑर्डर एकच दिसत होती.

बोडेनस्टाइनचे आकडे यामुळे खोटे ठरले नाहीत. ते आजही बरोबर आहेत. बदलली ती आकड्यांवरून आपण रचलेली गोष्ट. तक्ता आपल्याला काही वाटा बंद करून देतो: इथून गेला नसणार, तिथूनही नाही. नक्की कुठून गेला हे शोधायला आणखी प्रयोग लागतात, आणखी वेगळे प्रश्न विचारावे लागतात.

पुढच्या वेळी तो तीन ओळींचा तक्ता समोर आला तर पाऊण मिनिटात सोडवाच, मार्क महत्त्वाचे असतात. पण 'सुरुवातीचा' हा शब्द वाचताना थोडं थांबायला हरकत नाही. त्या रकान्यातला एकेक आकडा मिळवायला कुणीतरी ग्लास धुऊन, सगळं पुन्हा मोजून, पहिल्यापासून सुरुवात केलेली असते.